छताच्या कापडावरचा पंजा

उकंडा हे नाव त्याच्या आईनं हौसेनं ठेवलेलं नव्हतं. आधीची तीन लेकरं एकामागून एक गेली होती. हा चौथा झाला तेव्हा सुइणीनं त्याला सुपात घालून गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि मग आईनं "हे कोणाचं टाकलेलं पोर?" असं म्हणत त्याला उचलून घरी आणलं. टाकलेल्या पोराकडे मरण वळून बघत नाही, अशी समजूत. उकंडा जगला. त्याच्या पाठीवर दोन बहिणी झाल्या, त्याही जगल्या.

छप्पन सालच्या दसऱ्याला तो वणीहून नागपूरला गेला आणि लाखो लोकांबरोबर बौद्ध होऊन आला. वस्तीतले लोक म्हणाले, आता नावही बदल. उकंडा म्हणाला, "देव सोडले, उपास सोडले, भूतखेतही तठीच सोडून आलो. नाव राहू द्या. थे माह्या मायनं देल्लं हाय."

मी वणीच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तो एकसष्टमध्ये. दर शनिवारी मला मारेगावला आईकडे जायचं असे, आणि त्या रस्त्यावर उकंडाची टॅक्सी होती. पुढच्या सीटवर बसून त्याच्या तोंडून आणि पुढं त्याच्या बायकोच्या, तुळसाबाईच्या तोंडून जे ऐकलं, ते सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उकंडा एका लॉरीवर क्लीनर होता. तिथंच तो गाडी शिकला. एकदा इंजिनला हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि डाव्या हाताचं मधलं बोट मोडलं, एवढीच काय ती त्या शिकण्याची फी. पुढं वणीचे कापसाचे व्यापारी बाबुलालशेठ यांनी त्याला ड्रायव्हर म्हणून ठेवलं. शेठजींची राखाडी रंगाची लँडमास्टर होती. आतून छताला मऊ, दुधी रंगाचं कापड ताणून लावलेलं, एखाद्या दिवाणखान्यासारखं. शेठजी त्या कापडाला फार जपत. गाडीत कोणी विडी ओढलेली त्यांना खपत नसे. उकंडा म्हणे, "गाडीच्या आत विटाळ नव्हता. खाली उतरलो का मंग सुरू होये. पाणी दुरून वाढत."

साठ सालच्या नवरात्रात शेठजी केळापूरच्या देवीला गेले होते. परतताना मारेगाव मागं पडलं, दिवेलागण झाली होती. वणी आठ मैल राहिली असेल. रस्त्याच्या कडेला एका मोहाच्या झाडाखाली एक बाई उभी राहून दोन्ही हात हलवत होती. गाडीचा उजेड पडला तेव्हा तिच्या पायाशी माणूस पडलेला दिसला. त्याची मांडी धोतरानं बांधलेली होती आणि धोतर काळं झालं होतं.

उकंडानं पाय ब्रेककडे नेला. मागून शेठजी म्हणाले, "उकंड्या, रुकना नहीं. चल."

"शेठजी, माणूस जखमी हाय."

"अरे, पिये हुए लोग हैं. सब खराब होगा. चल म्हणतो ना!"

उकंडानं पाय ब्रेकवरून काढला. झाड मागं गेलं. आरशात ती बाई थोडा वेळ गाडीच्या मागं धावताना दिसली, मग धुळीत दिसेनाशी झाली.

त्यानं शेठजींना घरी सोडलं. गाडी शेडमध्ये लावायची सोडून तो परत वळला. त्या रस्त्यावर जाऊन यायचं म्हणजे पाऊण तासाचं काम. तो परत पोचला तेव्हा बाई झाडाखाली बसली होती, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. ती दोघं जवळच्या कोलामांच्या पोडातली, म्हणजे वस्तीवरची. माणसाचं नाव लेतू, बाईचं मानीबाई. ज्वारी राखायला गेलेल्या लेतूला रानडुकरानं फाडलं होतं. उकंडानं त्याला पाठीखाली हात घालून उचललं, गाडीच्या मागच्या दारातून वाकून आत घेतलं, सीटवर आडवं केलं. बाई खाली बसली. उकंडानं जेवढी पळवता येईल तेवढी गाडी पळवली.

सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी लेतू गेला. डॉक्टरनं कंदील वर धरून जखम पाहिली आणि सहज बोलल्यासारखं म्हटलं, "रक्त वाहून गेलंय. अर्धा-पाऊण तास आधी आणला असता तर बघता आलं असतं."

उकंडानं बाईकडे पाहिलं. ती काहीच बोलली नाही. सकाळी पोडातले लोक बैलबंडी घेऊन आले आणि प्रेत घेऊन गेले.

गाडी धुताना त्याला तो दिसला. मागच्या सीटच्या वर, दुधी कापडावर, एक अख्खा पंजा. तळवा, अंगठा, बोटं. मधली दोन बोटं एकमेकांवर चढल्यासारखी. जीव जाताना माणसानं वर हात टाकला असेल, बोटं आवळली असतील, असं उकंडाला वाटलं. त्यानं रिठ्याच्या पाण्यानं घासलं, सोड्यानं घासलं. बाकीचे थेंब गेले. पंजा तपकिरी होऊन राहिला.

शेठजींनी तो पाहिला आणि त्या दिवसापासून गाडीत पाय ठेवला नाही. कोणी विकतही घेईना. शेवटी मातीमोलानं ती उकंडाच्याच गळ्यात घातली आणि त्याला कामावरून काढलं. अशा रीतीनं उकंडा गाडीचा मालक झाला आणि वणी–मारेगाव टॅक्सी चालवू लागला.

माणूस गाडी चालवताना आरशात किती वेळा बघतो, हे त्याला आता कळलं. आरशात मागचा रस्ता दिसे आणि रस्त्याच्या वर तो पंजा दिसे. गाडीत चार माणसं असली तरी पंजा त्यांच्या डोक्यावर असे, कोणाला आशीर्वाद दिल्यासारखा नाही, कोणाला थांबवल्यासारखा. पावसाळा गेला तसं कापडाची शिवण सुटली आणि कापड मधोमध लोंबू लागलं. गाडीनं वेग घेतला की खिडकीतून वारा शिरून ते फुगे आणि खाली बसे, फुगे आणि खाली बसे. पंजा प्रवाशांच्या केसांना लागे. एक कासारीण अर्ध्या रस्त्यात उतरून गेली, म्हणाली, "मले मांगून कोनीतरी धरलं." ती बातमी बाजारात पसरायला वेळ लागला नाही. लोक बसत, कारण दुसरी गाडी नव्हती. पण मागच्या सीटवर मधे कोणी बसत नसे. तीन माणसं असली तरी दोघं दोन खिडक्यांना आणि तिसरा माझ्या मांडीवर.

मी एकदा विचारलं, "उकंडा, तू तर भूत मानत नाहीस."

"नाही मानत."

"मग?"

मोहाचं झाड आलं, त्यानं गाडी अधिकच जोरात दामटली. झाड मागं गेल्यावर म्हणाला, "मास्तर, मी भूत मानत नाही. पन मले थो आवाज येते त्याचं काय करू?"

आवाज खरंच येत होता. मीही ऐकला. गाडी उभी असताना, इंजिन बंद असताना, छतातून नखांनी खरवडल्यासारखा बारीक आवाज. थांबे, पुन्हा येई. तुळसाबाई सांगे की घरीही त्याला तो ऐकू येतो. जेवताना मधेच घास हातात ठेवून वर बघत बसतो. एकदा त्यानं आरसा फिरवून टाकला होता. त्याच दिवशी मागून येणारी लॉरी दिसली नाही आणि गाडी शेतात गेली. कोणाला लागलं नाही, पण आरसा पुन्हा सरळ करावा लागला.

बासष्टच्या उन्हाळ्यात त्यानं ठरवलं, कापडच बदलायचं. यवतमाळला गाड्यांची कुशनं शिवणाऱ्या एका कारागिराकडे गाडी नेली. कारागिरानं मागचं दार उघडून वर पाहिलं, कोणाचा हात म्हणून विचारलं, आणि ऐकून दार लावलं. म्हणाला, "नवं कापड म्हणशील तसं लावून देतो. पण हे मी उसवणार नाही. ते तू उसवून आण."

उकंडा तसाच परत आला. तुळसाबाईला म्हणाला, "आता उसवतोच हाव, तं लावूनही मीच पाहतो."

"शिवन कोन?"

"तू."

"मी गोधड्या शिवतो जी. मोटारी नाही."

"छताची गोधडीच समज वं."

अंगणातल्या निंबाखाली गाडी उभी करून त्यानं काम सुरू केलं. मला सुट्ट्या होत्या, मी रोज जाऊन बसत असे. आधी आतला दिवा काढला, आरसा काढला, उन्हाच्या झडपा काढल्या. काचांच्या कडेच्या पट्ट्या पेचकसानं सोडवल्या. त्यांच्याखाली कापडाची कड बारीक चुकांनी, म्हणजे छोट्या खिळ्यांनी, ठोकलेली होती. एकेक चूक पकडीनं उपटत तो पुढून मागं सरकत गेला. कापड सुटत गेलं तसं वरून धूळ, माती, गंजाची पूड त्याच्या तोंडावर पडत होती. आत कमानीसारख्या वाकवलेल्या पाच आडव्या तारा होत्या. कापडाच्या पाठीला परकराच्या नेफ्यासारख्या नळ्या शिवलेल्या, त्यांतून त्या तारा ओवलेल्या. त्यांच्याच आधारावर सगळं छत टांगलेलं. प्रत्येक तारेची लांबी वेगळी, बाक वेगळा. कुठली कुठं जाते ते विसरू नये म्हणून त्यानं सुतळीच्या गाठी बांधल्या. पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, अशा.

शेवटची कड सुटली आणि अख्खं कापड त्याच्या डोक्यावर येऊन पडलं. तो आतून ओरडला. तुळसाबाई धावली, तिनं कापड ओढून काढलं. त्याबरोबर सरकी, कापसाचे गुंते आणि वाळक्या लेंड्या खाली सांडल्या. उंदरानं छताच्या आत संसार मांडला होता. तीन गुलाबी पिलं त्या कापसात वळवळत होती.

"हे घ्या," तुळसाबाई म्हणाली, "हे तुमचं भूत."

उकंडा हसला. दोन वर्षांत त्याला असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं. त्यानं पिलं कापसासकट उचलली आणि कुडाच्या कडेला नेऊन ठेवली.

तुळसाबाईनं जुनं कापड उसवून त्याचे तुकडे अंगणात पसरले. पंजाचा तुकडा तिनं उलटा टाकला. त्यांच्या मापानं नवा मांजरपाट कापायचा होता. पण कापण्याआधी तिनं तो भिजवून, वाळवून आटवून घेतला. "मंग आखडला तं छतच फाटन," म्हणाली. कडेला चार बोटं जास्त ठेवून तिनं तुकडे बेतले, जोडले, मागून नेफे शिवले. मशीन नव्हतं, दाभण आणि दुहेरी दोरा. आठ दिवस ती दुपारी निंबाखाली बसून टाके घालत होती.

पहिल्यांदा लावलं तेव्हा सगळं छत सुरकुत्यांनी भरलं. म्हाताऱ्या माणसाच्या पोटासारखं दिसत होतं. उकंडानं सगळं पुन्हा खाली उतरवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मागच्या काचेपासून सुरुवात केली. मागची कड सायकलचं पंक्चर जोडायचं सुलेशन लावून चिकटवली, वर चुका ठोकल्या, मग एकेक तार खाचेत बसवत पुढं आला. कापडावर पाण्याचा हलका शिपका मारला, वाळताना ते आपोआप ताणलं जावं म्हणून. यावेळी छत नीट बसलं. फक्त मागच्या उजव्या कोपऱ्यात एक चूक निघून आली होती.

तो मागच्या दारातून आत वाकला. एक गुडघा सीटवर, उजव्या हातात हातोडी. तोल सांभाळायला त्यानं डावा हात वर छताला टेकवला, चूक ठोकली आणि बाहेर आला.

तुळसाबाई खेकसली, "हात धुवाचा होता ना जी! पाहा काय करून ठेवलं ते!"

तारांचा गंज आणि तेल त्याच्या हाताला लागलेलं होतं. नव्या मांजरपाटावर एक तपकिरी पंजा उठला होता. तळवा, अंगठा, बोटं. मधली दोन बोटं एकमेकांवर चढलेली.

मी तिथं होतो. तुळसाबाईनं जाऊन तो उलटा टाकलेला तुकडा उचलला आणि आणून त्याच्यापुढं धरला. उकंडानं आपला डावा हात त्यावर ठेवला. हँडलनं मोडलेलं ते मधलं बोट हाडवैद्यानं बांधलं होतं, पण वाकडंच बसलं होतं, शेजारच्या बोटावर चढून. हात पंजात असा बसला जसा पाय स्वतःच्या जोड्यात बसतो.

लेतूला उचलून आत घेताना तो असाच वाकला होता. असाच गुडघा सीटवर, असाच हात वर.

"तुमचाच हात व्हता," तुळसाबाई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. "दोन वर्सं आपल्याच हाताले भेत होते. आता कशाचं भेव?"

उकंडा निंबाच्या बुडाशी बसला. म्हणाला, "आता तं जास्त भेव वाटते वं."

आणि मग त्यानं आम्हाला ते सांगितलं, जे तोपर्यंत वस्तीत कोणालाच ठाऊक नव्हतं. गाडी त्या झाडाजवळ दोनदा आली होती, आणि पहिल्यांदा थांबली नव्हती. वस्तीत सगळे म्हणत, उकंडानं मरत्या माणसाला गाडीत घातलं, त्यापायी नोकरी गमावली. लोक मान देत. तो मान त्यानं दोन वर्षं गुपचूप घेतला होता. हात मेलेल्या माणसाचा आहे, तो आपल्याला धरायला आला आहे, असं वाटत होतं तोवर निदान दुसरं कोणी होतं. आता आरशात कोण होतं?

तुळसाबाईनं लिंबू चिरलं, मीठ घेतलं आणि नव्या कापडावरचा डाग चोळू लागली. चोळता चोळताच म्हणाली, "तिले जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी तो गेला. मला म्हणाला, "मास्तर, तुमी चाला." गाडी मोहाच्या झाडाखाली उभी केली आणि आम्ही पायवाटेनं पोडात गेलो. मानीबाई घरापुढं बसून टोपलीसाठी बांबूच्या काड्या तासत होती. तिनं उकंडाला ओळखलं. आम्हाला बसायला बाज दिली, पाणी दिलं.

उकंडा बाजेवर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "बाई, त्या दिवशी पहिले एक गाडी गेलती. थांबली नवती."

"हो."

"थे गाडी माहीच व्हती."

मानीबाईचा विळा थांबला नाही. "मले माहीत हाय," ती म्हणाली. "एकच दिवा लागे तिचा. जातानाही एक, येतानाही एक."

ते खरंच होतं. डावा दिवा तेव्हा बंद होता. उकंडाच्या ते ध्यानातही नव्हतं.

"मंग तू दवाखान्यात काहून बोलली नाही?"

"काय बोलू?" काडी बाजूला ठेवून तिनं दुसरी घेतली. "तवा गाडीत मालक व्हता?"

"व्हता. त्यानंच चल म्हटलं. पन बिरेक माह्या पायाखाली व्हता."

मानीबाई बराच वेळ काड्या तासत राहिली. मग म्हणाली, "गाडी गेली तवा त्यानं मले इचारलं, थांबली का? त्याले उठून पाहता येत नवतं. मी म्हटलं, हो, थांबली; इथं जागा नाही म्हून पुढून वळून येऊन राह्यली. तो म्हने, आली का? मी म्हनो, येऊनच राह्यली. लय येळा इचारलं त्यानं. लय येळा मी खोटं सांगतलं. मंग तू आला."

तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "त्याले गाडीत घातलं तवा तो हसला मले पाहून. त्याले वाटलं, मी खरंच सांगत व्हतो."

उकंडा रडू लागला. ती त्याला उगी राहा म्हणाली नाही, आणि जा असंही म्हणाली नाही. उन्हं चढली तशी काड्यांची मोळी उचलून घरात गेली. आम्ही परत निघालो.

त्या बोलण्यानं त्याचं ओझं उतरलं की वाढलं, ते मला आजही सांगता येत नाही. मी त्याला विचारलंही होतं. तो म्हणाला, "मास्तर, तो पाऊण तास वाट पाहत व्हता, हे मले आंधी माहीत नवतं." पुढं बरेच दिवस जेवताना त्याचा घास तसाच थांबत असे. नव्या छतात ना उंदीर होता, ना डाग. लिंबू-मिठानं तो निघून गेला होता. तरी तो वर बघे.

पण एक झालं. त्या झाडाजवळून जाताना तो गाडी दामटेनासा झाला. उलट रस्त्याच्या कडेला कोणीही उभं दिसलं की थांबू लागला. शेळ्या राखणारी म्हातारी, झाडाखाली सावलीला टेकलेला वाटसरू, नुसतीच गाडी बघायला उभी राहिलेली पोरं. बाजारात लोक हसत, "उकंड्याची गाडी बुजगावण्यालेही थांबते." घाईतले प्रवासी चिडत. सदुसष्टमध्ये माझी बदली झाली, तोवर हे असंच चालू होतं. मागून कोणी "चल ना बे, त्याले नाही यायचं" म्हणून ओरडलं, तरी उकंडा खिडकीतून डोकं काढून विचारी, "काही पाहिजे का?" आणि समोरचा माणूस स्वतःच्या तोंडानं "काही नाही, जा तू" म्हणेपर्यंत गिअर टाकत नसे.